डच समासांचा सांधा: लांब शब्द कुठे तुटतो आणि का

प्रश्न असा आला आहे की, डच शब्दकोशात ‘वातर’ (पाणी) हा शब्द वा-तर असा तोडलेला दिसतो, म्हणजे दोन स्वरांमधले एकटे व्यंजन पुढच्या स्वराकडे जाते. मग रात्रीच्या जेवणासाठी असलेला ‘आव्हॉन्त-एतन’ हा शब्द तोडताना मधले व्यंजन मागेच का राहते? त्याला जोडून दुसरी शंका अशी की, धिरड्यासारख्या पदार्थाचे नाव सगळे ‘पनेकूक’ असे उच्चारतात, तरी लिहिताना मध्ये ‘न’ का घालावा लागतो? या दोन्ही शंका एकाच मुळापाशी येऊन थांबतात. डच सामासिक नामात दोन पदांमधला सांधा जिवंत असतो. उच्चार, लेखन आणि ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याची पद्धत या तिन्ही गोष्टी आधी त्या सांध्याकडे पाहतात आणि मग बाकीचे नियम लावतात. मी अनेक वर्षे मराठीभाषकांना डच शिकवतो आहे, आणि ही एक गोष्ट मनात बसली की निम्म्या चुका आपोआप थांबतात, असा माझा अनुभव आहे.

लिप्यंतराविषयी आधी थोडे सांगितले पाहिजे. डचमधले त आणि द आपल्या दंत्य त-द यांच्या जवळचे आहेत, ट-ड यांच्या नव्हे. घशातून येणारा घर्षक ध्वनी मी ‘ख’ने दाखवला आहे आणि ‘झ’ हा ‘माझा’ या शब्दातल्यासारखा वाचावा. जिथे वर्णलेखनच महत्त्वाचे आहे तिथे रोमन वर्णांची नावे दिली आहेत.

देवनागरीत वाचणाऱ्यांची पहिली अडचण व्याकरणाची नसून लिपीची आहे. आपण ‘पुस्तक’ हा शब्द पु-स्त-क असा लिहितो, कारण जोडाक्षर पुढच्या स्वराला बांधलेले असते. पण बोलताना आपण पुस्-तक असेच म्हणतो. लिपीतले अक्षर आणि तोंडातला उच्चारखंड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या छंदशास्त्राला हे पक्के ठाऊक आहे. जोडाक्षराच्या आघातामुळे आधीचे अक्षर गुरू होते हा नियम सांगतो तो हेच, की ‘स्’चे वजन मागच्या ‘पु’वर पडते. डच शब्द तोडताना डोळ्यांपुढचे जोडाक्षर विसरून कानातला हा लघु-गुरूचा हिशेब वापरावा. किल्ल्याला डचमध्ये ‘कस्तेल’ म्हणतात. मराठी विद्यार्थी तो क-स्तेल असा तोडतात, पण योग्य विभागणी कस्-तेल अशी आहे. साध्या शब्दांत एकटे व्यंजन पुढे जाते आणि दोन असली तर ती वाटून घेतली जातात. तीन किंवा अधिक असली, तर त्यांपैकी जेवढ्यांनी एखादा डच शब्द सुरू होऊ शकतो तेवढी पुढे जातात. म्हणून खिडकीसाठीचा शब्द व्हेन्-स्तर असा तुटतो, कारण ‘स्त’ने सुरू होणारे डच शब्द पुष्कळ आहेत आणि ‘न्स्त’ने सुरू होणारा एकही नाही.

ही विभागणी फक्त ओळीच्या शेवटी उपयोगी पडते असे नाही. डच स्वरलेखन तिच्यावरच उभे आहे. पुरुषाला डचमध्ये ‘मन’ म्हणतात आणि चंद्राला ‘मान’; उच्चारात फरक जवळजवळ आपल्या मन आणि मान या शब्दांइतकाच आहे. पहिला शब्द एका ‘ए’ने लिहितात, दुसरा दोन ‘ए’ घालून. आता अनेकवचने करून पाहावीत. पुरुष: मन्-नन. खंड व्यंजनाने बंद राहावा आणि स्वर ऱ्हस्व वाचला जावा म्हणून ‘एन’ दुप्पट लिहितात, जरी उच्चार एकाच न्-चा असला तरी. चंद्र: मा-नन. खंड स्वरान्त झाला, स्वर दीर्घच वाचला जाणार, म्हणून दोन ‘ए’ंपैकी एक गळतो. म्हणजे खंड बंद आहे की उघडा, हे समजल्याशिवाय डचमध्ये साधे अनेकवचनही बरोबर लिहिता येत नाही.

आता हाच ‘मान’ समासात घालू. चंद्राच्या पृष्ठभागाला ‘मान-ऑपरव्लक’ म्हणतात आणि तो शब्द सलग लिहितात. ‘मान’मधल्या ‘न’नंतर लगेच स्वर आला आहे, साध्या शब्दाचा नियम लावला तर हा ‘न’ पुढे जाईल, पहिला खंड उघडा होईल आणि एक ‘ए’ गळायला हवा. प्रत्यक्षात दोन्ही ‘ए’ जागेवर राहतात, कारण ‘मान’ हे पद सांध्यापाशी संपले आहे आणि पुढच्या पदातला स्वर त्याच्या व्यंजनाला ओढून नेऊ शकत नाही. ‘आव्हॉन्त-एतन’चे उत्तरही हेच. संध्याकाळचा शब्द लिहिताना शेवटी ‘डी’ असतो, पण पदाच्या शेवटी डच माणूस द-कार उच्चारत नाही, त्याचा त-कार होतो; कुत्र्याला ‘हॉन्त’ म्हणतात आणि अनेकवचनात स्वर पुढे आला की दबलेला द् पुन्हा वर येतो, हॉन्-दन. मग ‘एतन’ हा स्वरादी शब्द जोडल्यावर ‘आव्हॉन्देतन’ असे ऐकू यायला हवे होते. तसे ऐकू येत नाही. ‘त’च ऐकू येतो. पोलिसांमधल्या एका हुद्द्याचे नाव ‘होफ्त-आखेन्त’ आहे, त्यातही लेखनात ‘डी’ आणि उच्चारात ‘त’ अशीच स्थिती आहे. सांध्यापाशी पद संपते, याचा यापेक्षा चांगला पुरावा कानाला मिळणार नाही.

मराठीभाषकाचा गोंधळ इथे समजण्यासारखा आहे, कारण शाळेत आपण संधी शिकतो तो संस्कृतचा. जगत् आणि ईश मिळून जगदीश होतो. पदान्तीचा कठोर त् स्वरापुढे मृदू होतो आणि सांधा बुजून जातो. डच बरोबर उलट वागते. मात्र आपल्याच बोलीकडे पाहिले तर अस्सल मराठी समासही डचसारखाच वागतो. ‘हातउसने पैसे’ म्हणताना आपण हात्-उसने असे म्हणतो, ‘हातुसने’ असे कोणी म्हणत नाही. डच समास वाचताना जगदीश विसरावा आणि हातउसने आठवावे, एवढेच मी वर्गात पहिल्या आठवड्यात सांगतो.

संधी डचमध्ये अजिबात नाही असे मात्र नाही. व्यंजनापुढे व्यंजन आले की सांध्यावरचे ध्वनी एकमेकांचा रंग घेतात. ‘झक’ म्हणजे खिसा, ‘दूक’ म्हणजे कापड, आणि दोन्ही मिळून झालेला हातरुमाल उच्चारात ‘झग्दूक’ होतो. हा तर थेट वाक् + दान = वाग्दान असा प्रकार आहे, आणि गंमतीची गोष्ट म्हणजे आपला स्पर्श ‘ग’ अस्सल डच शब्दांत जवळजवळ अशाच जागी ऐकू येतो. ‘अस’ म्हणजे राख आणि ‘बक’ म्हणजे भांडे. रक्षापात्राचा उच्चार ‘अझ्बक’. पुढचे पद ‘व्ह’ने किंवा ‘झ’ने सुरू होत असेल तर परिणाम उलट्या दिशेने होतो: ‘हाउस’ (घर) आणि ‘व्हराउ’ (स्त्री) मिळून गृहिणीला ‘हाउसफराउ’ म्हणतात. यातले काहीही लेखनात उतरत नाही. प्रत्येक पद स्वतंत्रपणे जसे लिहिले जाते तसेच समासात लिहावे, हा डच लेखनाचा पाया आहे, आणि सांध्याची ओळख त्यामुळेच टिकते.

समासाचा सांधा आणि प्रत्ययाचा सांधा यांत गल्लत करू नये. ‘व्हरझेकर’ या धातूला ‘-इंग’ प्रत्यय लागून विम्याचे नाव तयार होते, पण त्याची विभागणी व्हर-झे-के-रिंग अशी होते. धातूतला ‘र’ निर्धास्तपणे प्रत्ययाकडे जातो. स्वरादी प्रत्यय बहुधा असेच वागतात. ‘-अख्तख’ (आपल्या ‘-सर’ किंवा ‘-ट’सारखा) मात्र अपवाद आहे: तांबड्याला ‘रोत’ म्हणतात, विशेषणाचे रूप ‘रोदे’ होते आणि द् परत येतो, पण तांबूस म्हणायचे तर ‘रोत्-अख्तख’, तिथे ‘त’च राहतो. हा प्रत्यय असूनही पदासारखा वागतो, आणि शब्द तोडतानाही त्याला पदाचाच मान मिळतो.

रचनेकडे वळू. डच सामासिक नाम बहुतेक वेळा आपल्या तत्पुरुषासारखे असते, उत्तरपद प्रधान. राजवाडा हा वाडा म्हणून ‘तो’, राजकन्या ही कन्या म्हणून ‘ती’. डचमध्येही लिंग, उपपद (इंग्रजी ‘द’च्या जागी येणारे ‘दे’ किंवा ‘हेत’) आणि अनेकवचन शेवटच्या पदाकडून येते. पाण्याला ‘हेत’ हे उपपद लागते आणि बाटलीला, म्हणजे ‘फ्लेस’ला, ‘दे’. म्हणून पाण्याची बाटली ‘दे वातरफ्लेस’, आणि तीच पदे उलटी ठेवली की बाटलीबंद पाणी, ‘हेत फ्लेसनवातर’. डच दुकानात ‘सूपख्रूंते’ लिहिलेली पिशवी दिसते. तिच्यात सूप नसते, सुपात घालायच्या चिरलेल्या भाज्या असतात. भाज्यांचे सूप हवे असेल तर ‘ख्रूंतेसूप’ मागावे. शब्द कितीही लांब असला तरी वाचन उजवीकडून सुरू करावे: आधी शेवटचे पद शोधावे, वस्तू कोणती ते कळते, मग डावीकडचा मजकूर तिचे वर्णन करतो.

बहुव्रीही डचमध्ये मोजके आहेत, पण ते ओळखता आले पाहिजेत. ‘दॉम’ म्हणजे मंदबुद्धी, ‘ओर’ म्हणजे कान; कानाचे उपपद ‘हेत’ आहे, तरी ‘दॉमोर’ या शब्दाला ‘दे’ लागते, कारण तो शब्द कानाविषयी नाही, मूर्ख माणसाविषयी आहे. विशेष्याप्रमाणे लिंग बदलणे हा बहुव्रीहीचा स्वभाव आपल्याला परका नाही. द्वंद्व त्याहून कमी. हॉटेल आणि उपाहारगृह दोन्ही असलेल्या जागेला ‘होतेल-रेस्तोरान्त’ म्हणतात, आणि अशा जोड्या संयोगचिन्हाने लिहितात.

आता त्या न ऐकू येणाऱ्या ‘न’विषयी. दोन पदांच्या मध्ये डच भाषा पुष्कळदा एखादा दुवा घालते: कधी ‘स’, कधी नुसता अस्पष्ट ‘ए’, कधी ‘एन’, क्वचित ‘एर’ (इथला ‘ए’ हा रोमन ‘ई’ या वर्णाचा उच्चार आहे, आणि दुव्याचा ‘एन’ म्हणजे ‘ई’ व ‘एन’ हे दोन वर्ण). मराठीत घोडा आणि स्वार मिळून ‘घोडेस्वार’ होतो. तो ‘ए’ अनेकवचनाचा दिसतो, पण स्वार एकाच घोड्यावर बसतो. डचमधला ‘एन’ही तसाच, दिसायला अनेकवचनाचा, कामाने फक्त सांधा धरणारा. पनेकूक एकाच तव्यावर होतो. प्रमाण उच्चारात अस्पष्ट स्वरानंतरचा हा ‘न’ बहुतेक ठिकाणी गळतो (नेदरलँड्सचा ईशान्य भाग आणि बेल्जियममधला पश्चिम फ्लांडर्स इथे तो ऐकू येतो), म्हणून तो लिहायचा की नाही हा शुद्धलेखनाचा प्रश्न झाला, आणि डच समाजात तो वर्षानुवर्षे पेटत राहिला.

पहिली ‘हिरवी पुस्तिका’, म्हणजे डच शुद्धलेखनाची अधिकृत शब्दसूची, 1954 साली निघाली. तिच्या नियमात अर्थाकडे पाहावे लागे: पहिल्या पदातून अनेकवचनाची कल्पना अपरिहार्यपणे मनात येते का, असे विचारावे लागे. तव्याच्या बाबतीत येत नाही, म्हणून त्या काळी ‘न’ लिहीत नसत. नेदरलँड्स आणि बेल्जियम यांनी 1980 साली करार करून स्थापन केलेल्या डच भाषा संघाने 1995 च्या पुस्तिकेत अर्थ बाजूला ठेवला आणि रूप पाहायला सांगितले. पहिल्या पदाचे अनेकवचन फक्त ‘एन’ने होत असेल तर समासात ‘एन’ लिहावे. ते ‘स’नेही होत असेल तर नुसता ‘ए’ लिहावा. तवा ‘पन’, अनेकवचन फक्त ‘पनन’, म्हणून लेखनात ‘न’ आहे. बाटलीचेही तसेच. भाजीची ‘ख्रूंतन’ आणि ‘ख्रूंतेस’ अशी दोन्ही अनेकवचने चालतात, म्हणून ख्रूंतेसूपात ‘न’ नाही. ज्याच्यासारखे दुसरे नाहीच, त्यालाही ‘न’ लागत नाही: सूर्यप्रकाश म्हणजे ‘झॉनेस्खैन’, आणि राणीचा दिवस म्हणजे ‘कोनिंगिनेदख’. हा दुसरा शब्द आता इतिहासजमा आहे. 2013 साली राजा गादीवर आल्यामुळे 2014 पासून ‘कोनिंग्सदख’ साजरा होतो, आणि तिथे दुवा म्हणून ‘स’ आला आहे.

1995 च्या नियमाला एक विचित्र अपवाद होता: प्राण्याचे नाव पूर्वपदात असलेल्या वनस्पतीच्या नावात ‘न’ लिहू नये. म्हणून ‘पार्द’ (घोडा) आणि ‘ब्लूम’ (फूल) मिळून झालेल्या एका पिवळ्या रानफुलाच्या नावात ‘न’ नव्हता, आणि घोड्याच्या बाकीच्या समासांत होता. 2005 च्या पुस्तिकेने हा अपवाद काढून टाकला. त्या सुधारणेवर नाराज असलेल्यांसाठी ‘ऑन्झे ताल’ या भाषाप्रेमींच्या संस्थेने 2006 साली ‘पांढरी पुस्तिका’ काढली आणि या ‘न’च्या बाबतीत लिहिणाऱ्याला मोकळीक दिली. 2015 च्या हिरव्या पुस्तिकेने नियम तसेच ठेवले. माझे मत विचाराल तर परीक्षा देणाऱ्याने आणि कार्यालयात लिहिणाऱ्याने हिरवी पुस्तिकाच पाळावी; पण जुन्या डच पुस्तकात ‘न’ दिसला नाही तर लेखकाची चूक समजू नये, आधी प्रकाशनाचे वर्ष पाहावे.

‘स’ बहुतेक वेळा कानाला ऐकू येतो, त्यामुळे तो सोपा आहे. अडचण पुढचे पदच ‘स’ने सुरू होते तेव्हा येते. गावातल्या रस्त्यांना ‘दॉर्प्सस्त्रात’ हे नाव नेदरलँड्समध्ये सर्रास आढळते. त्यात दोन ‘स’ का, हे नुसते ऐकून ठरवता येत नाही. अशा वेळी तेच पूर्वपद दुसऱ्या समासात घालून पाहावे: गावच्या चौकाला ‘दॉर्प्सप्लैन’ म्हणतात, तिथे ‘स’ स्पष्ट ऐकू येतो, म्हणून रस्त्याच्या नावातही तो लिहावा. ‘-हैत’ने संपणाऱ्या भाववाचक नामांपुढे हा ‘स’ येतोच, असे धरून चालायला हरकत नाही.

हे सगळे एका मोठ्या शब्दात पाहू. काम करण्याची क्षमता गेल्यास मिळणाऱ्या विम्याचे डच नाव असे आहे: अर्बैत्स-ऑन्खेस्खिक्तहैत्स-व्हरझेकरिंग. रोमन लिपीत हा सलग 33 अक्षरांचा शब्द आहे, आणि नोकरीच्या करारात तो पहिल्यांदा दिसला की विद्यार्थी हबकतात. उजवीकडून वाचावे. शेवटी ‘व्हरझेकरिंग’, विमा, स्त्रीलिंगी, उपपद ‘दे’. त्याच्या डावीकडे ‘स’चा दुवा. त्याआधी ‘हैत’, म्हणजे ‘-ता’सारखा भाववाचक प्रत्यय, ‘खेस्खिक्त’ म्हणजे योग्य, त्यापुढे नकारार्थी ‘ऑन’, म्हणजे अयोग्यता. सर्वांत डावीकडे ‘अर्बैत’, काम, आणि त्याच्या मागे पुन्हा ‘स’. अर्थ लागला: कामासाठीच्या अक्षमतेचा विमा. सांधे दोनच आहेत, आणि दोन्ही दुव्याच्या ‘स’नंतर येतात; दुवा नेहमी मागच्या पदाला चिकटून राहतो, तो कधी पुढे जात नाही. आता उच्चारखंड मोजावेत: अर्-बैत्स्-ऑन्-खे-स्खिक्त्-हैत्स्-व्हर-झे-के-रिंग, एकूण दहा. दुसऱ्या खंडातला ‘स’ पुढच्या ‘ऑ’कडे जात नाही, कारण तिथे समासाचा सांधा आहे; शेवटून दुसऱ्या जागेवरचा ‘र’ मात्र सहज पुढे जातो, कारण तिथे फक्त प्रत्यय आहे. वर सांगितलेले दोन्ही नियम या एकाच शब्दात शेजारी उभे आहेत.

सांधा चुकला की अर्थच चुकतो. सलग लिहिलेला ‘दैक्रम्प’ हा शब्द घ्यावा. दै-क्रम्प असा तोडला तर मांडीत आलेला पेटका, आणि दैक्-रम्प असा तोडला तर बांध फुटून ओढवलेली आपत्ती. ज्या देशाचा मोठा भाग समुद्रसपाटीखाली आहे, तिथे हा फरक लहान नाही. ‘व्हल्काउल’ हा नेहमी व्हल्-काउल, म्हणजे सापळ्याचा खड्डा असतो, पण नवशिका वाचक त्यात ‘व्हल्क’ (ससाणा) आणि ‘आउल’ (घुबड) पाहतो. ‘क्वर्त्स्लाखन’मध्ये क्वर्त-स्लाखन म्हणजे पाव-पाव वळसे, आणि क्वर्त्स-लाखन म्हणजे गारेच्या खडकाचे थर. संगणकावर शब्द आपोआप तोडण्याची सोय असते, पण बऱ्याच वेळा ती अक्षरांच्या ठेवणीवर चालते, अर्थ पाहत नाही. छापायला जाणारा डच मजकूर म्हणूनच ओळींच्या शेवटांपाशी एकदा डोळ्यांनी तपासावा. संदिग्धता असेल तिथे सांध्यावर संयोगचिन्ह घालण्याची मुभा नियमांनीच दिली आहे. दोन स्वर एकमेकांना भिडून एकच स्वर वाचला जाण्याचा धोका असेल तर ते चिन्ह आवश्यकच असते: ‘झे’ (समुद्र) आणि ‘एन्त’ (बदक) मिळून झालेल्या पक्ष्याच्या नावात चार ‘ई’ सलग येऊ नयेत म्हणून मध्ये आडवी रेघ येते. तसेच ‘ओतो-ऑन्खेलुक’, मोटारीचा अपघात.

जागा सोडणे मात्र चूक आहे, आणि इंग्रजीच्या सवयीमुळे मराठीभाषकांकडून ती वारंवार होते. ‘लंगे’ म्हणजे लांब किंवा उंच, ‘अफस्तन्त’ अंतर, ‘लोपर’ धावणारा. तिन्ही सलग लिहिले तर लांब पल्ल्याचा धावपटू. ‘लंगे’नंतर जागा सोडली तर उंच शरीरयष्टीचा पल्ल्याचा धावपटू. बोलताना हाच फरक आघाताने होतो. समासात मुख्य आघात बहुधा पहिल्या पदावर पडतो, जसा ‘व्हूतबल’मध्ये ‘व्हूत’वर. अपवाद आहेत: नगरभवनाला ‘स्तत्-हाउस’ म्हणताना जोर ‘हाउस’वर असतो.

शेवटी एक शब्द असा, जो या सगळ्या नियमांना बगल देतो. बटाट्याला डचमध्ये ‘भूमीचे सफरचंद’ म्हणतात: ‘आर्द’ अधिक ‘अपल’. आव्हॉन्त-एतनच्या न्यायाने ‘आर्त्-अपल’ असे ऐकू यायला हवे, पण डच माणूस स्वच्छ ‘आर्दपल’ म्हणतो, मृदू द-काराने, जणू हा एकच सलग शब्द आहे. रोजच्या वापराने सांधा उच्चारातून झिजून गेला आहे, जसा देवकुलचा सांधा झिजून आपले ‘देऊळ’ झाले. फरक इतकाच की डच लेखनाने तो अजून सोडलेला नाही. ओळीच्या शेवटी हा शब्द तोडायची वेळ आली, तर ‘डी’ आजही मागच्याच ओळीत ठेवतात.